मी दिसेन असा कॅमेरा

घर घ्यायचं म्हटलं तर लोक हळहळतात, गाडी घ्यायची म्हटलं तर विचारतात की किती देते. पण कॅमेरा घ्यायचा आहे, असं एकदा म्हणून बघा. ज्यांनी आयुष्यभर फोटोत माणसांची डोकी कापली, तेसुद्धा खुर्ची पुढे ओढतात आणि "हे बघा" म्हणून सुरुवात करतात. मला हे ठाऊक असतं तर मी आधी कॅमेरा आणला असता आणि मग तोंड उघडलं असतं. पण मी एका संध्याकाळी जेवताना, पेल्यांत पाणी ओतता ओतता, अगदी सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं की मी पोर्ट्रेट फोटोग्राफीचा धंदा सुरू करतेय आणि आता कॅमेरा बघायला लागणार आहे.

नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"धंदा? म्हणजे छंद ना?"

"धंदा."

"नाही, छंद असेल तर चांगलंच आहे. मन रमतं."

"धंदा," मी म्हणाले आणि त्याच्या पेल्यात इतकं पाणी ओतलं की ते ताटापर्यंत गेलं.

नवऱ्याबद्दल आधी सांगायला हवं. तो पुलांची तपासणी करतो. पूल धडधाकट उभा असला तरी याला तो पडलेला दिसतो, आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे तो ती कधी आणि कुठून मोडेल याच नजरेने बघतो. सोफा घेताना त्याने त्यावर एका वेळी किती पाहुणे बसतील, त्यातले लठ्ठ किती, आणि सगळे एकदम हसले तर काय होईल, याचा विचार केला होता. माझा धंदा त्याला ताटातल्या पाण्यातच बुडालेला दिसला असणार.

माझ्याबद्दल मात्र थोडक्यात. मी एका रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीत होते. कार्डावर लावायचे फोटो काढणं हेही माझंच काम. दांडीला बांधलेला एक डबडा कॅमेरा, समोर स्टूल, मागे पांढरी भिंत. "इकडे बघा" म्हणायचं, बटण दाबायचं, "पुढचे" म्हणायचं. त्या कार्डावर सगळी माणसं चोरी करताना सापडल्यासारखी दिसायची. पण बटण दाबून झाल्यावर "झालं?" असं विचारताना त्याच माणसाचा चेहरा असा मोकळा व्हायचा की वाटायचं, हा खरा फोटो, आणि हा कुणी काढतच नाही. पुढे खिडकीत मशीन बसलं आणि मी उठले. निरोप समारंभात माझा जो फोटो निघाला त्यात पुष्पगुच्छामागे डोळे मिटलेली एक बाई आहे. ती मी आहे हे खाली लिहावं लागलं. त्याच दिवशी मी ठरवलं. बस, एवढीच पूर्वपीठिका.

नवऱ्याचा विरोध कधी विरोधासारखा येत नाही, तक्त्यासारखा येतो. त्याने बाजारातल्या सगळ्या कॅमेऱ्यांचा एक तक्ता केला. वजन, धूळ, ऊन, ओल, हादरा, उंचावरून पडल्यास काय, असे रकाने. चेहऱ्याचा रकाना नव्हता. या तक्त्यात जो कॅमेरा पहिला आला तो हा गृहस्थ मला न विचारता, खूश होऊन, विकत घेऊन आला. खोका उघडला तर आत काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा एक ठोकळा.

"हा पाण्याखाली चालतो," नवरा म्हणाला. असा आवाज त्याने आमच्या मुलीचा निकाल सांगतानाच काय तो काढला होता. "विहिरीच्या तळाशीसुद्धा."

"माझं गिऱ्हाईक विहिरीच्या तळाशी बसणार आहे का?"

"बसणार नाही. पण बसलं तर?"

सासूबाई कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं असं त्यांचं म्हणणं आहे, पण आमची भांडणं त्यांना शब्द न शब्द ऐकू येतात. "मला पोहता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी काही फोटोला यायची नाही."

तरीही मी त्या ठोकळ्याला न्याय दिला. त्याच आरामखुर्चीत सासूबाईंचा फोटो काढला. हे यंत्र डोंगरदऱ्या एका फोटोत बसवण्यासाठी केलेलं, त्यामुळे त्याने सासूबाईंबरोबर सगळी खोली, पंखा, दार आणि माझ्या पायाचा अंगठाही घेतला. या सगळ्यांच्या मधोमध सासूबाईंचं नाक होडीसारखं पुढे आलेलं. त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "हे नाक तुझ्या सासऱ्यांचं आहे," एवढंच म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

ठोकळा परत करायला आम्ही दुकानात गेलो. दुकान मोठं, थंडगार, काचेचं. पैसे परत मिळणार नाहीत पण दुसऱ्या कॅमेऱ्यात वळते करून घेऊ, असं विक्रेता म्हणाला. कडक इस्त्रीचा सदरा आणि छातीवर बिल्ला. बोलत होता छान, पण बोलत होता नवऱ्याशी.

"सर, मॅडमना कशासाठी हवाय?"

"धंद्यासाठी," मी म्हणाले. "माणसांचे पोर्ट्रेट काढायचेत."

"अच्छा. सर, मग मॅडमना हलकं काहीतरी बघू या."

आणि त्याने गुलाबी रंगाचा एक कॅमेरा काढला. मला गुलाबी रंगाचं वावडं नाही. माझी छत्री गुलाबी आहे. पण छत्री दाखवताना मला कुणी "मॅडमना हाताळायला सोपी" असं म्हणालं नव्हतं. या कॅमेऱ्यात चेहरा नितळ करायचं एक बटण होतं. विक्रेत्याने ते दाबलं, माझाच फोटो काढला आणि पडदा नवऱ्यासमोर धरला. मी मान वाकडी करून पाहिलं. उकडलेल्या बटाट्याला चष्मा लावावा तसं काहीतरी होतं.

"बघा सर. किती वर्षं कमी झाली."

"कुठे गेली ती?" मी विचारलं.

"पुसली ना, मॅडम."

"मी काढलीयत ती वर्षं. तुम्हाला पुसायला कुणी सांगितली?"

विक्रेत्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं, छताला तडा नव्हता, तेव्हा बिचाऱ्याची तीही सोय उरली नाही. मी पर्स उचलली आणि ताठ मानेने निघाले. निघणं छानच झालं असतं, पण ते दार ओढायचं होतं आणि मी ढकलत राहिले. आतली सगळी माणसं बघत होती. शेवटी विक्रेत्यानेच येऊन ते उघडलं आणि "या हं, सर" असं म्हणाला.

त्या दाराने माझा निश्चय पक्का केला. लोकांना वाटतं की माणूस उपदेशाने पेटून उठतो. छे. माणूस दाराने पेटतो.

आमच्या वरच्या मजल्यावर दुर्बीणकाका राहतात. निवृत्त झाल्यापासून ते फक्त पक्ष्यांचे फोटो काढतात आणि माणसांना अडथळा समजतात. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स माझ्या हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढी लांब आहे. माझी हकिगत त्यांच्या कानावर गेली, तेव्हा ते स्वतः खाली आले.

"कॅमेऱ्याचं सोडा," ते म्हणाले. "कॅमेरा म्हणजे डबा. खरी ती लेन्स. माझी वापरून बघा, म्हणजे तुम्हाला कळेल की तुम्हाला काय हवंय. अट एकच. लेन्स जिथे जाईल तिथे मी येणार."

बसायला कोण तयार होतंय याची वाट बघावी लागली नाही. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना सूचनाफलकावर लावायला स्वतःचा भारदस्त फोटो हवाच होता. ते कोट घालून आले, घामाघूम झाले आणि आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. मी समोर उभी राहिले, डोळा लावला. चौकटीत एक मिशी दिसली. पूर्णही नाही, डावी बाजू.

"मागे सरका," दुर्बीणकाका कुजबुजले. ते कायम कुजबुजतच बोलतात, पक्षी उडू नयेत म्हणून.

मी मागे सरकले. मिशी पूर्ण झाली. आणखी सरकले. नाक आलं. भिंतीला पाठ लागली तेव्हा डोळे आले, पण कपाळ नव्हतं, आणि कपाळाशिवाय चेअरमन म्हणजे काय. काकांनी घराचं दार उघडलं. मी जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत गेले. आता दोघांच्या मधे आमची खोली, पायपुसणं आणि उंबरठा. आमच्या वहाणा चौकटीत येत होत्या, म्हणून नवऱ्याने त्या उचलून हातात धरल्या. तेवढ्यात दूधवाला जिना चढत आला. काकांनी त्याला ओठावर बोट ठेवून थांबवलं. त्याच्यामागे तिसऱ्या मजल्यावरच्या जुळ्यांची आजी थांबली. कुणी बोलत नव्हतं. आत लांबवर चेअरमनसाहेब हनुवटी वर करून बसले होते.

"हलू नका, साहेब," काका पुटपुटले. "आता बसलेत, तोवर घ्या."

"कपाळ अजून अर्धंच आहे," मी म्हणाले.

"मग अजून एक पाऊल."

मी पाऊल टाकलं. माझी पाठ समोरच्या फ्लॅटच्या दाराला टेकली. तिथे राहणाऱ्या बाई गणिताचे क्लास घेतात. बाहेर इतकी शांतता का, हे बघायला त्यांनी नेमकं तेव्हाच दार उघडलं.

मी पडले ती थेट क्लासमध्ये. काकांनी मला सोडून लेन्स झेलली, याबद्दल माझा त्यांच्यावर राग नाही; त्यांचा माझ्याशी नुकताच परिचय झाला होता आणि लेन्सशी जुना. पडता पडता माझं बोट बटणावर दाबलं गेलं. सगळी मुलं वह्यांवरून मान वर काढून माझ्याकडे बघत होती. बाई म्हणाल्या, "वहिनी, लागलं का?" आणि लगेच मुलांकडे वळून, "तुम्ही उदाहरण सोडवा."

फोटो निघाला होता. आणि खरं सांगते, त्या कोटाच्या आत जो माणूस होता तो प्रथमच कुणाच्या तरी नजरेस पडला होता. मी कोसळताना बघून चेअरमनसाहेब खुर्चीतून अर्धे उठलेले, दोन्ही हात बाजूला, तोंड उघडं, डोळ्यांत निखळ काळजी. कपाळ पूर्ण.

"वा," दुर्बीणकाका म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कुजबुजीच्या वर गेला. "अगदी उडण्याच्या क्षणी पकडलंत."

चेअरमनसाहेबांनी ते ऐकलं. फोटो पाहिला. कोटाची बटणं लावली आणि निघून गेले. सूचनाफलकावर त्यांचा फोटो लागायचा त्या जागी दुसऱ्या दिवशी एक सूचना लागली: "सदनिकेत व जिन्यात कोणत्याही प्रकारचे व्यावसायिक छायाचित्रण करणे, तसेच शेजाऱ्यांच्या घरात पाठमोरे शिरणे, यास सक्त मनाई आहे."

नवरा ती वाचून आला. "आता तरी," तो म्हणाला.

"आता तरी काय?"

"आता तरी थांबू या का, असं म्हणत होतो."

"सूचना वाचलीस ना नीट? 'व्यावसायिक' असं लिहिलंय. या इमारतीत माझ्या कामाला धंदा म्हणणारा पहिला माणूस चेअरमन निघाला. तू अजून छंदावरच आहेस."

मी त्याच आठवड्यात ड्रायक्लीनरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. एक खोली, एक मोठी खिडकी, खालून येणारा इस्त्रीच्या वाफेचा वास. नवऱ्याने येऊन जमिनीवर टाच आपटून पाहिली, भिंतीला कान लावला आणि "दोन लठ्ठ माणसं चालतील," असा निर्वाळा दिला. त्याच्या भाषेत हा आशीर्वादच.

जागा झाली तरी परवाना हवा होता. परवान्याच्या खिडकीत बसणाऱ्या साहेबांचा स्वभाव अत्यंत गोड होता. गोड माणसं नाही म्हणत नाहीत, फक्त दुसरं काहीतरी सुचवतात. त्यांनी संगणकावर व्यवसायांची यादी उघडली.

"छायाचित्रणात तीन प्रकार येतात, ताई. समारंभ, यंत्रे व इमारती, आणि झेरॉक्स."

"मला माणसांचे काढायचेत. एकेकट्या माणसाचे."

"कोणती माणसं?"

"येतील ती."

"हं. मग इमारतींमध्ये टाकू या का? माणूस इमारतीतच राहतो शेवटी."

मी नको म्हणाले. मी कुणाचं छप्पर किंवा गच्ची काढणार नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि "समारंभ" टाकला. "एकटा माणूस बसला तरी त्याच्यापुरता समारंभच की," ते म्हणाले, आणि हे मला इतकं पटलं की मी वाद घातला नाही. आता राहिली मुख्य साधनाच्या खरेदीची पावती. ती धंद्याच्या नावावर हवी. कॅमेऱ्याच्या दुकानात फोन केला तर ते म्हणाले, धंद्याच्या नावाने पावती हवी तर परवाना दाखवा. मी दोघांचं म्हणणं दोघांना सांगितलं. दोघांनाही एकमेकांचं पटलं. फक्त मी मधे अडकले होते.

"असे बरेच जण अडकतात," साहेब सहानुभूतीने म्हणाले. "काही जण तर नाद सोडून देतात."

यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण 'नाद' हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छंद काय, नाद काय, मन रमवणं काय. बाई पैसे घेऊन काम करणार म्हटलं की भाषेतले सगळे शब्द कसे एकदम मऊ होतात. मी त्यांच्या टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"साहेब, मुख्य साधन म्हणजे ज्याच्याशिवाय धंदा होत नाही ते, बरोबर?"

"बरोबर."

"पोर्ट्रेटला मुख्य साधन खुर्ची. कॅमेरा भाड्याने आणता येतो, उसना मिळतो, मी उसना आणून पडलेसुद्धा आहे. पण माणूस बसला नाही तर काढू काय?"

मग त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात मुख्य साधन म्हणजे कॅमेराच, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नसेल. मी थेट सुताराकडे गेले. त्याने परवाना मागितला नाही, मी नुसतं धंद्याचं नाव सांगितलं आणि त्याने त्या नावाने एका भक्कम, बिनहाताच्या खुर्चीची पावती फाडून दिली. नाव मी तिथेच उभ्याउभ्या ठरवलं: 'समोर बघा'. परवाना मिळाला. खुर्ची वाफेच्या खोलीत खिडकीजवळ जाऊन बसली. आता माझ्याकडे कॅमेरा सोडून सगळं होतं.

खरेदीच्या दिवशी नवऱ्याला एका पुलावर जायचं होतं. मी एकटीच निघाले तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या.

"मी येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक कॅमेरे बघता. चेहरा घेऊन कुणी जातच नाही. चपला घ्यायला जाताना पाय नेतोच ना आपण?"

इतक्या दिवसांत मिळालेला हा पहिला सल्ला, जो मी घेतला.

दुकानात तोच विक्रेता. आज नवरा नसल्यामुळे त्याची पंचाईत झाली. तो सासूबाईंकडे बघून बोलायला लागला, पण सासूबाई तिथे नव्हत्याच. त्या काचेजवळ उजेडातलं एक उंच स्टूल हेरून त्यावर जाऊन बसल्या होत्या.

"आजी, तिथे बसता येत नाही. ते डिस्प्लेचं आहे."

"मग मी डिस्प्लेला आहे असं समज."

"हिच्या हातात एकेक कॅमेरा दे," त्या पुढे म्हणाल्या. "मी दमले की सांगेन."

पहिला कॅमेरा मोठा आणि काळाकुट्ट होता. मी तो डोळ्याला लावला, तशा सासूबाई ताठ झाल्या, ओठ मिटले, आणि रुग्णालयाच्या कार्डावरची बाई समोर येऊन बसली. दुसरा कॅमेरा प्रत्येक फोटोला बंदुकीसारखा आवाज करायचा. त्यांचे डोळे दर वेळी मिटले. तिसरा चेहरा ओळखून त्याभोवती आपोआप हिरवी चौकट आखायचा, पण त्याला सासूबाईंपेक्षा मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीतली बाई जास्त आवडली. विक्रेता प्रत्येकाचे गुण सांगत होता. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आता कॅमेरे सोडून आमच्याभोवती जमली होती. एका गृहस्थांनी "आजी, जरा हसा," असं सुचवलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा फोटो काढायचा राहिला याची मला आजही हळहळ वाटते.

"तो खालचा दाखवा," मी म्हणाले. खालच्या कप्प्यात एक लहानसा, चापट कॅमेरा पडला होता.

"तो नको, मॅडम. जुनं मॉडेल. त्यात झूम पण नाही. माणूस जवळ हवा असेल तर स्वतः चालत पुढे जावं लागतं."

"पाय आहेत मला."

मी तो हातात घेतला. त्यात बघायची छोटी काच एका कडेला होती, त्यामुळे एक डोळा तिथे लावला तरी माझा बाकीचा चेहरा मोकळा राहत होता. बटण दाबलं तर आवाज जवळजवळ नाहीच.

"काढलास?" सासूबाईंनी विचारलं.

"काढतेय."

"या कॅमेऱ्यात तू दिसतेस तरी. त्या मोठ्यांच्या मागे तू नाहीशीच व्हायचीस, मग मी कुणाकडे बघणार? डबड्याकडे?" आणि त्या बोलतच राहिल्या. सासऱ्यांच्या नाकाबद्दल, या दुकानातल्या थंडीबद्दल, लहानपणी त्यांना नाटकात काम मिळालं असताना आयत्या वेळी ते बहिणीला कसं दिलं गेलं त्याबद्दल. ते शेवटचं मी कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून नाही. ते सांगताना त्यांची हनुवटी जरा वर गेली, डोळ्यांत राग आला, जुना आणि ताजा दोन्ही, आणि मी एक पाऊल पुढे जाऊन बटण दाबलं. त्यांना कळलंही नाही.

पडद्यावर मी त्यांना तो फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. स्टुलावरून उतरल्या, पदर नीट केला आणि विक्रेत्याला म्हणाल्या, "बांधून दे."

"मॅडम, खरंच हाच?" विक्रेत्याने विचारलं, आणि या वेळी तो माझ्याकडे बघून विचारत होता. "महिन्याभरात बदलायला याल."

"येईन की नाही ते मी बघते. पावती 'समोर बघा' या नावाने. आणि तो तुमचा पाण्याखालचा ठोकळा यात वळता करायला विसरू नका."

घरी आल्यावर नवऱ्याने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. त्याच्या तक्त्यात हे मॉडेल नव्हतंच. "पडला तर?" त्याने विचारलं. मी म्हणाले, पडले तरी फोटो निघतात, हे आपण जिन्यात पाहिलंय. त्याने दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याला एक पट्टा आणून दिला, गळ्यात अडकवायचा. त्या पट्ट्यावर एखादा छोटा पूल टांगता आला असता. पण मी तो लावला.

पाटी लागली, तरी बरेच दिवस खोलीत फक्त वाफ येत होती. मग एका दुपारी एक बाई जिना चढून आल्या. खाली कपडे द्यायला आल्या होत्या. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायचं काम करत होत्या, आणि आता तिथे मुख्य शिक्षिका म्हणून त्यांचा फोटो लागायचा होता. खुर्चीत बसल्या आणि आधीच म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. मला हसायला सांगू नका."

"का सांगेन?"

"सगळे सांगतात. फोटोवाले, सहकारी, रस्त्यावरचे लोक. याआधीच्या दोन साहेबांचे फोटो तिथे लागलेत, दोघंही गंभीर. माझा मात्र हसरा हवा, म्हणजे पालकांना बरं वाटेल म्हणे. मी तिथे मुलं बुडू देत नाही. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "बोलत राहा."

त्या बोलत राहिल्या. तलावाबद्दल, शिट्टीबद्दल, पाण्यात उतरायला घाबरणाऱ्या वडिलांबद्दल. मी पुढे गेले, मागे आले, खिडकीचा पडदा जरा सारला. एका क्षणी त्यांनी खोल पाण्याबद्दल काहीतरी सांगितलं आणि सरळ माझ्याकडे पाहिलं, अशा नजरेने की त्यांच्या देखत कुणीही बुडण्याची हिंमत करणार नाही. तो फोटो निघाला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "ही मी आहे." मग पूर्ण दर मोजला. सूट मागितली नाही, मी दिली नाही. जाताना त्याची एक प्रत खिडकीत लावायची परवानगी देऊन गेल्या.

खिडकीतला फोटो बघून सल्ले पुन्हा सुरू झाले. ड्रायक्लीनर म्हणाला, दुकानावर अशी रागावलेली बाई बरी नाही दिसत, त्याचीही गिऱ्हाइकं बिचकतात. नवरा म्हणाला, निदान पहिला फोटो तरी प्रसन्न हवा होता. दुर्बीणकाकांनी खालून दुर्बिणीतून पाहिला आणि हा शिकारी पक्षी आहे असं मत दिलं. माणसाबद्दल त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि फोटो आणखी मोठा करून लावला.

दुसऱ्याच दिवशी एक मध्यमवयीन गृहस्थ आले. नीटनेटके, मवाळ, हातात पिशवी. दारातच घोटाळले.

"ते खिडकीत लावलंय ना," ते म्हणाले, "तसा माझा निघेल का? रागावलेला?"

"निघेल की. कुणावर रागावलाय?"

त्यांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं, मग पिशवी खाली ठेवली. "सांगायला वेळ लागेल," ते म्हणाले.

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली आणि दार लावून घेतलं.